हाताचा रकाना

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून भलती अपेक्षा धरायला नको. पालीला भिते, विजेला भिते, बँकेतली सही जुळेल की नाही म्हणून भिते, टपालानं आलेल्या जाड पाकिटाला भिते. माझा नवरा म्हणतो, हिला घाबरायला एखाद्या दिवशी काही सापडलं नाही तर त्याचंच हिला टेन्शन येतं. तो हे हसत म्हणतो. मला काही हसू येत नाही, कारण ते खरं आहे.

जन्मापासून मी अशी नव्हते. आठवीत होते तेव्हा आमच्याकडे भूकंप झाला. आम्ही लातूर शहरात राहायचो आणि आमचं घर पडलं नाही. मधल्या खोलीत दाराच्या वरपासून आढ्यापर्यंत एक तडा गेला, तेवढंच. औसा-निलंग्याकडच्या गावांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे आपल्या तड्याची कहाणी काढायची मला अजून लाज वाटते. पण भीती काही नुकसान मोजून येत नाही. पुढे कितीतरी महिने आम्ही अंगणात ताडपत्रीखाली झोपलो. जमीन मधूनच हलायची, आणि हलली नाही तरी हलल्यासारखी वाटायची.

खरं हलणं कुठलं आणि मनाचं कुठलं हे ओळखायला वडिलांनी एक युक्ती काढली. आमच्या ओसरीत लांब वायरला एक बल्ब लोंबत असायचा. हललंसं वाटलं की आधी बल्बकडे बघायचं. तो डोलत असेल तर अंगणात पळायचं, सरळ असेल तर गप अभ्यासाला बसायचं. वडील कचेरीत कारकून होते, त्यांना प्रत्येक गोष्टीला पुरावा लागायचा. दिवसातून आठ-दहा वेळा माझे पाय सांगायचे की हललं, आणि बल्ब म्हणायचा की नाही. मग मी पायांना खोटं ठरवायची. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, "हाललं का गं पोरी?" आणि मी उत्तर देण्याआधी धावत जाऊन बल्ब बघून यायची. पुढे ओसरीत ट्यूबलाइट बसली आणि बल्ब निघाला, तेव्हा आता कुणाला विचारायचं हे मला बरेच दिवस कळेना.

गणितात एम.एस्सी. करायला मी नांदेडला आत्याकडे राहिले. तिथं प्रयोगशाळेत सहा संगणक होते. चपला बाहेर काढून आत जायचं आणि दोघींनी मिळून एका संगणकापुढे बसायचं. त्यावर गणिताचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यातली मला पहिल्या दिवसापासून आवडलेली गोष्ट म्हणजे बेरजेची कमांड. तिला चार गोष्टी सांगायच्या: काय मिळवायचं, मोजायला अक्षर कोणतं धरायचं, कुठून सुरू करायचं आणि कुठं थांबायचं. मग एंटर. एक ते दहा लाख म्हटलं तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. हातानं बेरीज करताना मी प्रत्येक पायरीला मागे वळून बघणारी मुलगी. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी आत्याकडे दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शिकवणारे सर रोज भोकरहून एस.टी.नं यायचे. माझी भक्ती बघून ते एकदा म्हणाले, "पोरी, हे लई हुशार हाय, पण एकेक मोजायचा कंटाळा करतं. आधी सगळ्याला मिळून एक सूत्र शोधून राहतं. जिथं एकेक बघायचं असंल तिथं ती दुसरी साधी कमांड वापरायची, ही न्हाई." मी ते वहीत लिहून घेतलं. सर जे जे बोलत ते सगळं मी लिहून घ्यायची, त्यांच्या बसची वेळसुद्धा. समजून घेणं मात्र राहून गेलं.

लातूरला परत आले तेव्हा शहर ओळखू येईना. भूकंपाचं गाव म्हणून ज्याला बाहेरचे लोक ओळखायचे, ते आता निकालाचं गाव झालं होतं. ट्यूशन एरियात एकेका इमारतीत तीन-तीन क्लास. भिंतींवर गुणवंतांचे फोटो, खाली हॉस्टेल, बाजूला मेस, आणि सकाळी सहापासून पाठीला दप्तर लावलेली पोरंपोरी रस्ताभर. पालक एस.टी. स्टँडवर उतरले की क्लासचा पत्ता विचारायचे, आणि रिक्षावाले कुठल्या क्लासचा निकाल चांगला ते पण सांगायचे. मी अशाच एका क्लासमध्ये लागले. मालकांना सगळे सरच म्हणायचे. निलंग्याकडच्या एका गावातून येऊन त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये क्लास सुरू केला होता, आता तीन मजले होते. मी नीटनेटकी आणि घाबरट असल्याचं त्यांनी पंधरा दिवसांत ओळखलं आणि उत्तरसूचीचं काम माझ्याकडे दिलं.

दर रविवारी पर्यायांची चाचणी व्हायची, बरोबर उत्तराला चार मार्क आणि चुकलं की एक वजा. गणिताचे प्रश्न मी काढायची आणि त्यांची उत्तरं एका लांबड्या वहीत भरायची. वहीत प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने: एकावर लिहिलेलं 'हात', दुसऱ्यावर 'मशीन'. उत्तर आधी हातानं काढायचं, मग संगणकावर, आणि दोन्ही जुळलं की सही. सर म्हणाले होते, "न्हाई जुळलं तर मला बोलवा मॅडम. माझ्या क्लासची सूची चुकत नसती." माझ्या आधीच्या मॅडमनी सरांना दोनदा बोलवलं होतं, आणि तिसऱ्यांदा बोलवायला त्या क्लासमध्ये राहिल्या नव्हत्या. हे मला शिपाईमामांनी चहा देता देता सांगितलं. सूची बोर्डावर लागायची तेव्हा वर छापलेलं असायचं: संगणकावर पडताळलेली. एखाद्या विद्यार्थ्याला हरकत घ्यायची असेल तर अर्ज द्यायचा, पण हरकत चुकीची निघाली की चार मार्क कापले जायचे. मी तिथं असेपर्यंत एकही अर्ज आला नाही.

आता तो प्रश्न. पेपरातला शेवटचा होता, आणि मी त्याला फंक्शनच्या भाषेत इतकं घुमवून लिहिलं होतं की बऱ्याच पोरांनी तो न वाचताच सोडला. आतलं गणित मात्र सोपं. एक ते वीस या संख्या घ्या. सम असेल तर तिची निम्मी करा, विषम असेल तर तशीच ठेवा. सगळ्यांची बेरीज किती? विषम संख्यांचे शंभर होतात. सम संख्या निम्म्या केल्या की एक ते दहा, त्यांचे पंचावन्न. एकूण एकशे पंचावन्न. मी 'हात' रकान्यात पेन्सिलनं तसं लिहिलं. मग संगणकावर सम-विषमचा नियम लिहिला, बेरजेची कमांड दिली, एक ते वीस, एंटर.

दोनशे दहा.

मी पुन्हा टाइप केलं. दोनशे दहा. हातानं पुन्हा केलं. एकशे पंचावन्न. शुक्रवारची दुपार होती, पाचला सूची बंद पाकिटात घालून सरांकडे द्यायची होती. सरांना बोलवायचं म्हणजे ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहणार, आणि मी म्हणणार की सर, मशीन चुकतंय. हे वाक्य माझ्या तोंडातून निघेल असं मला वाटेना. दहा लाखांपर्यंतची बेरीज जे क्षणात करतं ते विसापर्यंत चुकेल, आणि मी बरोबर? पर्यायांत दोनशे दहा होतंच, मी स्वतःच ते फसवायला घातलं होतं. पावणेपाचला मी खोडरबर घेतलं, 'हात' रकान्यातले एकशे पंचावन्न पुसले, त्या जागी दोनशे दहा लिहिले आणि सही केली.

मंगळवारी दुपारी शंका विचारायच्या टेबलाशी एक मुलगी आली. नांदेडच्याही पलीकडची, इस्लापूरकडची, पहिल्या बॅचमधली. पहिली बॅच म्हणजे चाळीस मुलं. शेवटच्या चार चाचण्यांच्या मार्कांची बेरीज करून ती ठरायची. या मुलीला तिच्या काकांनी क्लासला आणून सोडलं तेव्हा माझ्यासमोरच अट घातली होती, "पहिल्या बॅचमधी हायस तवर लातूर. खाली आलीस की दप्तर घिऊन घरी." ती आजवर कधी दहाव्या नंबरच्या खाली गेली नव्हती. कमी बोलायची, आणि आकडेमोड ओठ न हलवता करायची.

"म्याडम, शेवटच्याचं माझं एकशे पंचावन्न येऊन राहिलंय," ती म्हणाली. "तीनदा केलं म्या."

तिची वही स्वच्छ होती. शंभर अधिक पंचावन्न, मी केलं होतं अगदी तसंच. त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं, बरोबर आहे तुझं. सरांची केबिन दहा पावलांवर होती आणि दार उघडं होतं. मी म्हटलं, "व्याख्या नीट वाच. सम-विषम बघायच्या आधी सूत्र लागतं इथं. मग सगळ्या संख्या तशाच राहतात." याला काहीही अर्थ नव्हता. ते बोलताना माझं मलाच कळत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, वहीकडे नाही. मग म्हणाली, "हाव म्याडम," आणि वही मिटून गेली.

पुढच्या चाचणीत ती सव्विसावी आली. त्याच्या पुढच्या चाचणीत अडतिसावी. मी स्वतःला सांगितलं की हॉस्टेलचं पाणी बाधलं असेल, घरची आठवण येत असेल. मी तिला टाळायला लागले. शंकांच्या टेबलाशी ती दिसली की माझी पाण्याची बाटली भरायची असायची. चौथ्या चाचणीनंतर, मंगळवारी सकाळी, बुधवारी लागायची बॅचची कच्ची यादी माझ्या हातात आली. ती बेचाळिसावी होती.

त्या दिवशी मी कपाटातून तिचे मागचे तीन पेपर काढले. पेपराच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलं कच्चं काम करायची आणि पेपर परत द्यायची. तिचं कच्चं काम मी एकेक करून तपासत गेले. गणित बरोबर होतं. एकामागून एक, बरोबर. उत्तरापुढे योग्य पर्यायाचं अक्षर लिहिलेलं, ते खोडलेलं, आणि शेजारी दुसरंच अक्षर. उत्तरपत्रिकेत गोल काळा केलेला त्या दुसऱ्याचा. असं तीन पेपरांत मिळून सतरा ठिकाणी.

दुपारी मी तिला बोलवलं. पेपर पुढे ठेवले. "तुझं बरोबर येत होतं. मग खोडलंस का?"

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बरोबर काय ते मला कळतंय, म्याडम. पण तुमी काय धरताव ते कळंना."

उद्या सकाळी काका येणार आहेत, हेही तिनं सांगितलं. रडली नाही. रडली असती तर मला तिची समजूत घालायचं काम तरी मिळालं असतं.

ती गेल्यावर मी संगणकाशी बसले. या वेळी बेरीज न करता मी फक्त नियमच त्याच्यापुढे ठेवला, आणि संख्येच्या जागी नुसतं अक्षर दिलं. संगणकानं ते अक्षर जसंच्या तसं परत दिलं. तेव्हा मला भोकरच्या सरांचं म्हणणं समजलं, इतक्या वर्षांनी. बेरजेची कमांड एक-दोन-तीन अशी संख्यांपर्यंत जाण्याआधीच आत विचारत होती, हे सम आहे का? आत अजून संख्या नव्हतीच, नुसतं अक्षर होतं. अक्षर काही सम नसतं. म्हणून सगळ्यांना एकच सूत्र, तशाच ठेवा, आणि एक ते वीसची सरळ बेरीज दोनशे दहा. मी दुसरी, साधी कमांड दिली, जी एकेका संख्येपाशी थांबते. एकशे पंचावन्न. आणि मुलीला मी घाबरून जे बरळले होते, की आधी सूत्र लागतं आणि संख्या तशाच राहतात, ते संगणकानं आत नेमकं तसंच केलं होतं. मी लांबडी वही उचलली आणि उठले.

सरांच्या केबिनमध्ये मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वहीतली खाडाखोडही दाखवली. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"कुणाकुणाला सांगितलंय?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"मंग राहू द्या. महिना झाला त्या पेपराला. समोरच्या क्लासला कळलं तर उद्या पॅम्प्लेट निघतंय, ह्यांचं मशीन चुकतं म्हणून."

"मशीन चुकलं नाही सर. मी त्याला चुकीचं विचारलं."

"ते तर लईच वाईट हाय," सर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी आजवर ज्या माणसाला भीत आले तोही भीतच जगतोय, हे मला त्या बंद खोलीत पहिल्यांदा दिसलं. यानं धीर यावा, पण मला आणखीच भीती वाटली. आम्ही सगळेच भीत असलो तर चूक थांबवणार कोण? मी म्हटलं, वजा झालेला एक आणि हक्काचे चार असे पाच मार्क मिळाले तर ती मुलगी चाळिसाच्या आत येते. सर म्हणाले, "एका पोरीपायी तीन मजले हालवायचे का मॅडम?" आणि फोन उचलला. म्हणजे मी जावं.

बुधवारी सकाळी पहिला तास माझा होता. यादी अजून लागलेली नव्हती. मी वर्गात गेले, हजेरी घेतली नाही, आणि फळ्यावर एक ते वीस आकडे लिहिले. खडू दोनदा तुटला. वर्गाच्या मागच्या दारात सर येऊन उभे राहिलेले मला दिसले, आणि मी डाव्या हातानं टेबल धरलं. विषम आकड्यांखाली रेघ मारली. सम आकडे खोडून निम्मे लिहिले. बेरीज मोठ्यानं म्हणत केली. "एकशे पंचावन्न," मी म्हटलं. "महिन्यापूर्वीच्या सूचीत दोनशे दहा छापलं होतं, ते चूक आहे. माझं हातानं बरोबर आलं होतं. मी ते पुसलं. एका मुलीनं मला येऊन विचारलं, तेव्हाही मी तिला खोटं सांगितलं. चूक माझी आहे."

मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "म्हंजे माझे पाच मार्क गेले का मॅडम?" मी म्हटलं, हो. त्यानं कपाळाला हात लावला आणि शेजारच्याला कोपरानं ढोसलं. मागच्या दारात आता कुणी नव्हतं.

यादी दुपारी लागली, नवी टाइप केलेली. सरांनी मला बोलवलं नाही, काढलंही नाही. लांबडी वही दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या मॅडमकडे गेली. मला वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

मुलगी एकोणचाळिसावी होती. तिच्या काकांनी बोर्डासमोर उभं राहून बोट फिरवत नाव शोधलं, एकदा खालून आणि एकदा वरून, आणि पिशवीतले लाडू तिच्या हातात देऊन ते नांदेडची एस.टी. गाठायला निघाले. तिचं दप्तर तिच्याच पाठीवर राहिलं.

संध्याकाळी ती शंकांच्या टेबलाशी आली. तिथं मी एकटीच होते. एक लाडू तिनं कागदात बांधून आणला होता, तो टेबलावर ठेवला. मला वाटलं आता ती रागावेल, किंवा निदान विचारेल की म्याडम, असं का केलंत. त्याचं उत्तर मी दिवसभर जुळवत होते.

"म्याडम," ती म्हणाली, "ते फळ्यावर केलं ते मशीनीत टाकून बघितलं न्हवं?"

मला म्हणायचं होतं की बाई, तू ते तीनदा हातानं केलं होतंस. तुझी वही माझ्यापुढे होती. पण ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, महिन्यापूर्वी बघत होती अगदी तशीच, आणि मी घाबरले.

"हो," मी म्हटलं. "टाकलं. एकशे पंचावन्नच आलं."

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडल्याचं मला दिसलं.